सेकंड शिफ्टचा पंच

किस्से काही कोणी ठरवून जमा करत नाही. आमच्याकडे ते रविवारी सकाळी आपोआप जमतात, भिलाईच्या स्मृति नगरात, नामाकाकांच्या अंगणात. पोह्यांची दुसरी फेरी येईपर्यंत एक किस्सा घडतो आणि चहा येईपर्यंत त्याच्यात दोन गोष्टी वाढवून तो परत सांगितला जातो! मागच्या हिवाळ्यात तर इतके साचले की सुनील म्हणाला, "यार, याचं लॉगबुक ठेवा लागते."

सुनील स्टील प्लांटच्या मिलमध्ये शिफ्ट इनचार्ज आहे. जी गोष्ट लॉगबुकात नाही ती घडलीच नाही, असं त्याचं मत आहे. पण लॉगबुक कोणी ठेवलं नाही, म्हणून मी सांगतो. मी प्लांटच्या ऑफिसात क्लार्क, नामाकाकांच्या शेजारी राहतो, आणि त्यांचे पोहे खाऊन खाऊन माझं वजन किती वाढलं ते बायकोला विचारा.

सगळे किस्से एकाच कुस्तीचे आहेत. ती आधी सांगतो.

* * *

नामाकाका म्हणजे नामदेवराव. प्लांटच्या रेल मिलमधून, जिथं रूळ बनतात तिथून, रिटायर झालेले, माझ्या वडिलांचे दोस्त, आणि त्याच्या आधी पहेलवान. चाळीसेक वर्षांपूर्वी रुआबांध्याच्या मैदानात त्यांची कुस्ती झाली होती. इकडून प्लांटचे नामाकाका, तिकडून रेल्वेचे डोमाजी, भिलाई-३ चे. दोघं एकाच आखाड्यात शिकलेले, एकाच डब्यातून जेवलेले. अर्धी भिलाई बघायला आली होती म्हणतात. काका सांगतात तेव्हा पूर्ण भिलाई असते, आणि रंगात आले की शेजारचं दुर्गही येतं!

कुस्ती तासभर चालली. शेवटी काकांनी त्यांचा खास डाव टाकला, कलाजंग. म्हणजे डोमाजींना खांद्यांवर आडवं उचललं आणि पलीकडे टाकलं. दोन्ही खांदे मातीला लागले की माणूस चितपट, कुस्ती खलास. डोमाजींचा उजवा खांदा लागला हे सगळ्यांनी पाहिलं. प्रश्न डाव्याचा होता.

आणि डावा खांदा पंचानं पाहिलाच नाही. कारण पंच होते प्लांटचेच एक फोरमन, आणि त्यांची होती दुपारी दोनची सेकंड शिफ्ट! नेमक्या त्या क्षणी ते घड्याळ बघत होते. पावणेदोन होत आले होते. त्यांनी शिट्टी मारली, "बरोबरीत सोडली!" म्हणून ओरडले, सायकल काढली आणि ड्युटीवर गेले. त्यांच्यामागे अर्धं पब्लिकही गेलं. त्यांचीही सेकंड शिफ्ट होती.

तेव्हापासून काका म्हणतात, "डावा खांदा लागला होता." डोमाजी म्हणतात, "नव्हता लागला." या एका खांद्यापायी दोघांचं बोलणं बंद झालं. लग्नात समोरासमोर आले तर हात जोडायचे आणि वेगवेगळ्या पंगतीत बसायचे.

* * *

गेम या घरात आणला रश्मीनं, काकांच्या सुनेनं. ती शाळेत गणित शिकवते. बोलायला लागते मराठीत आणि वाक्य संपवते हिंदीत. दिवाळीच्या सुट्टीत तिनं टीव्हीला गेमचा डबा जोडला आणि कुस्तीचा गेम लावला. परदेशातला. तो दोरखंडाचा आखाडा, ते चकाकते लाइट, ते केस मोकळे सोडलेले पहेलवान.

काका पेपर वाचत होते. पाच मिनिटांनी पेपर खाली आला.

"हा कोणता पहेलवान बेटा? आल्या आल्या बोंबलून राहिला! आधी हात तर मिळव म्हणा."

मग त्यातल्या एकानं रिंगच्या बाहेरून लोखंडी खुर्ची आणली आणि दुसऱ्याच्या पाठीत घातली. काका उठून उभेच राहिले. "खुर्ची? कुस्तीत खुर्ची? पंच कुठी आहे?"

"बाबा, पंचाला पण मारलं त्यानं. वो देखो, कोने में पडा है."

काकांनी त्या कोपऱ्यात पडलेल्या पंचाकडे बराच वेळ पाहिलं. मग शांतपणे खाली बसले.

"हे बरं केलं," म्हणाले.

* * *

आता यातली खरी गोष्ट. डिसेंबरात एका रविवारी सुनीलनं बातमी आणली. त्याचा साळा रेल्वेत आहे. तो म्हणाला, डोमाजींची बायको गेल्यापासून ते एकटेच राहतात, आणि संक्रांत झाली की त्यांचा मुलगा विलास त्यांना पुण्याला घेऊन जाणार आहे. कायमचं. रेल्वेचं क्वार्टर सोडल्यावर बांधलेलं घरही विकायला काढलंय.

काकांनी पोहे संपवले, बशीतला लिंबू पिळून पिळून त्याची साल करून टाकली. मग रश्मीला विचारलं, "त्या तुया गेममध्ये आपला पहेलवान टाकता येते का?"

"येतो ना बाबा. चेहरा, वजन, कपडे, डाव, सब कुछ अपने हिसाब से."

"मग माई कुस्ती टाक. जशी झाली तशी. डोम्याले इथी बलावतो. डोळ्यानं पाहीन तर मानीन तो. एकदा त्याच्या तोंडून ऐकाचं आहे मले, की लागला होता. मंग जाऊ दे त्याले पुण्याले."

काकी आतून म्हणाल्या, "चाळीस वर्षं झाली. कावून उकरून राहिले आता?"

काका म्हणाले, "तो चालला ना आता. मंग कोणाले विचारू?"

 आणि आम्ही कामाला लागलो.

* * *

पहिली अडचण लंगोटाची. गेममध्ये तीनशे प्रकारच्या चड्ड्या. चामड्याच्या, चमकीच्या, वाघाच्या पट्ट्यांच्या, एक तर पिसं लावलेली. लंगोट एकही नाही! रश्मीनं दोन तास खपून एका लाल चड्डीचा कापत कापत लंगोट केला. काकांनी चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाले, "गाठ मागं पाहिजे."

मग चेहरा. त्यात काकींचं म्हणणं घ्यावंच लागलं, कारण त्या वेळचा चेहरा आमच्यापैकी फक्त त्यांनीच पाहिला होता. मिशी, हनुवटीचा खड्डा, मोडलेला कान, सगळं त्यांनी पाठ असल्यासारखं सांगितलं. शेवटी पहेलवान स्क्रीनवर गर्रकन फिरला तेव्हा काकी दोन मिनिटं पदर हातात धरून बघत राहिल्या.

"हाव," म्हणाल्या, "हाच आला होता मले पाह्याले. याच्याच संग लगन केलं मी. मंग हे कोण आले कोणाले माहीत!"

काकांनी पोट आत घेतलं, पण उशीर झाला होता.

डोमाजींचा पहेलवान मात्र काकांनी स्वतः सांगून करून घेतला. आम्हाला वाटलं, आता बुटका-बारका करतील. पण काका म्हणाले, "उंची माया बरोबरीची दे. छाती मोठी कर. आणखी. खांदे भर बेटा, खांदे! लहान पोट्ट्याले पाडलं म्हणतीन लोक."

रश्मीनं खांदे वाढवत वाढवत शेवटच्या टोकाला नेले. काका समाधानानं बघत होते. मग हळूच म्हणाले, "लय देखणा होता साला."

* * *

आता आपली भिलाईची माणसं, कोणतंही काम कागदावर आल्याशिवाय करत नाहीत. गेममध्ये प्रत्येक पहेलवानाची ताकद, दम, चपळाई भरायची असते, शंभरपैकी किती ते. रश्मी शाळेत गेली होती. सुनील म्हणाला, "आण, मी भरतो." त्यानं मनानं एक आकडा लिहिला नाही. तो काकींकडून काकांची मेडिकल रिपोर्टची फाइल घेऊन बसला आणि लेटेस्ट चेकअप बघून इमानदारीत एकेक रकाना भरला. डोमाजींचा रिपोर्ट नव्हता, म्हणून तिथं सगळीकडे शंभर ठेवले. "ज्याचं रेकॉर्ड नाही त्याले आपण कमी कसं देऊ?" हे त्याचं म्हणणं!

रविवारी सगळे जमले. दोन्ही बाजूंनी कॉम्प्युटरच खेळणार होता, आपण फक्त बघायचं. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. घंटा वाजली. काकांचा पहेलवान दोन पावलं चालला, गुडघ्याला हात लावून उभा राहिला आणि धापा टाकू लागला. डोमाजींनी त्याला उचलला आणि चाळीस सेकंदांत चितपट केला.

"परत लाव," काका म्हणाले.

परत लावलं. तीस सेकंद!

सहा वेळा लावलं. सहाव्या वेळेस तर काकांच्या पहेलवानानं रिंगमध्ये चढतानाच दम तोडला. तेव्हा रश्मीनं आकडे उघडून पाहिले आणि डोक्याला हात लावला. "सुनील भैया, आपने इनका शुगर भी डाल दिया क्या?"

काका सुनीलला म्हणाले, "अबे, ज्याले जिना चढाची मनाई आहे त्याले तू आखाड्यात उतरवून राहिला?"

दोन रविवार सुनीलला पोहे मिळाले नाहीत. चहा मिळाला, बिनसाखरेचा.

* * *

पण त्या दिवसापासून काकांनी एक ठरवलं. कॉम्प्युटरवर भरोसा नाही. "माई कुस्ती मीच लढतो. डोम्याची डोम्या लढीन."

मग त्यांची तालीम सुरू झाली. रोज सकाळी सात वाजता. चपला बाहेर. आमच्याही. हॉलमध्ये आलं की आधी जमिनीला हात लावून कपाळाला लावायचा, मग रिमोटला हात लावून कपाळाला लावायचा, मग बसायचं. (गेमच्या त्या दांडीला ते रिमोटच म्हणतात.) बोटं जाड, बटणं बारीक. एक दाबायला गेले की तीन दाबली जायची आणि पहेलवान कुस्ती सोडून प्रेक्षकांना हात दाखवायचा. "मी नाई म्हणून राहिलो आणि हा सलाम ठोकून राहिला!"

एकदा असा काही जोर लावला की बटण आत गेलं ते आलंच नाही. सुनीलनं संधी साधली. त्यानं रिमोट उघडून दुरुस्त केला, आणि तोपर्यंत टीव्हीवर प्लांटमधली लाल पाटी लटकवली, "काम चालू आहे, चालवू नका." संध्याकाळी काकींनी ती पाटी बघितली आणि तीन दिवस टीव्ही लावला नाही. त्यांच्या तिन्ही सिरियल बुडाल्या. पाटी काढायची कोणी, हे पाटीवर लिहिलं नव्हतं ना!

मग एके सकाळी रश्मी ओरडली, "बाबा, ये देखो!" गेममधल्या शेकडो डावांत तिला एक सापडला होता. एक पहेलवान दुसऱ्याच्या पोटात शिरतो, त्याला खांद्यांवर आडवं घेतो आणि पलीकडे टाकतो. काका खुर्चीच्या टोकावर आले.

"हा तर कलाजंग! माया कलाजंग! त्या देशात याले कोणी शिकवला?"

तो डाव त्यांनी त्या दिवशी एकशेदहा वेळा टाकला. मी मोजले नाहीत, सुनीलनं मोजले.

* * *

डोमाजींना बोलवायला मी आणि सुनील भिलाई-३ ला गेलो. आयुष्यभर गाडीचे गार्ड होते ते. घरात अर्धं सामान बांधलेलं होतं आणि ते ट्रंकेवर बसून शेंगा खात होते. मी सगळं सांगितलं. गेम, पहेलवान, कलाजंग. ते शेंगा फोडत ऐकत होते.

"नाम्यानं पाठवलं?"

"हाव."

"त्याले सांगा, लागला नव्हता."

आम्ही उठायला लागलो. तर म्हणाले, "बसा ना. येतो म्हटलं मी. वहिनी अजून वडाभात करते का?"

* * *

संक्रांतीच्या आदल्या रविवारी डोमाजी आले. दारात दोघं एकमेकांसमोर उभे राहिले. दोघांच्याही कानाच्या पाळ्या मोडलेल्या, दोघंही गुडघ्यातून वाकलेले. हात जोडायचे की मिळवायचे हे ठरेना. शेवटी काका म्हणाले, "चपला बाहेर काढ." आणि डोमाजी आत आले.

सुनील या वेळी पंच होता. आणि काय योगायोग, त्याचीही त्या दिवशी सेकंड शिफ्ट! त्यानं चक्क रजा टाकली होती. अर्जावर कारण लिहिलं होतं, "कुस्ती". काकींनी स्टीलचं ताट फिरवलं आणि सगळ्यांची घड्याळं आणि मोबाइल त्यात काढून घेतले. भिंतीवरचं घड्याळही उतरवलं. या वेळी कोणी वेळ बघणार नव्हतं.

रश्मीनं डोमाजींना अर्धा तास बटणं शिकवली. ते म्हणाले, "चाळीस वर्षं झेंडी दाखवून गाड्या सोडल्या बेटा. ही तर चारच बटणं आहेत." स्क्रीनवर स्वतःचा पहेलवान पाहिला तेव्हा मात्र पुढे सरकून बघू लागले. "हे खांदे कोणी दिले?" त्यांनी विचारलं.  काका खिडकीबाहेर बघत होते.

रश्मीनं सोफ्याच्या दोन टोकांना दोन रिमोट ठेवले. बसताना काकांना आठवलं. "मी पूर्वेकडून उतरलो होतो. इकडे मी बसतो." दोघांनी जागा बदलल्या. घंटा वाजली.

काकांनी बटण दाबलं आणि डोमाजींचा पहेलवान हलला.

जागा बदलल्या, रिमोट तिथंच राहिले होते! काकांच्या हातात डोमाजी, डोमाजींच्या हातात काका. रश्मीच्या लक्षात आलं. "बाबा, रिमोट उलटे झाले, रुको..."

"चूप बस बेटा," काका मान न वळवता म्हणाले. "सुरू झालेली कुस्ती थांबवाची नसते."

मी डोमाजींकडे पाहिलं. त्यांनाही कळलं होतं. त्यांनी रिमोट आणखी घट्ट धरला.

माझ्या मनात आलं, काकांनी आता नुसते हात सोडले तरी झालं. डोमाजींचा पहेलवान उभा राहील, मार खाईल, आडवा होईल. चाळीस वर्षांचं काम होऊन जाईल. पण काकांचे हात सुटले नाहीत. ते डोमाजींच्या पहेलवानाला असे लढवत होते की विचारू नका! मान काढून घेत होते, पायाला धरून पट काढत होते, "उठ डोम्या, उठ!" म्हणत होते. आणि तिकडे डोमाजी दात आवळून काकांच्या पहेलवानाला वाचवत होते. "नाम्या, पाय सोडव, पाय!" सुनील जमिनीवर आडवा पडून टीव्हीत बघत होता, जसं काही खांदे तिथूनच दिसणार होते.

मग काकांनी कलाजंग टाकला. डोमाजींच्या पहेलवानानं काकांच्या पहेलवानाला खांद्यांवर घेतलं आणि पलीकडे टाकलं. गेममधला पंच तीनपर्यंत मोजू लागला. एक. दोन. डोमाजींनी सगळी बटणं एकदम दाबली. तीन!

स्क्रीनवर डोमाजींचा हात वर झाला. घरात कोणी टाळी वाजवली नाही. कोणासाठी वाजवायची तेच कळेना. 

डोमाजींनी रिमोट मांडीवर ठेवला.

"लागला," म्हणाले.

"हाव, लागला," काका म्हणाले. "तू जिंकला."

"हा नाई रे नामा. तेव्हाचा. डावा. मले तेव्हाच माहीत होतं."

काकांनी टीव्ही बंद केला.  मग काका उठले, गुडघे धरून, आणि म्हणाले, "चाल, वडाभात थंडा होऊन राहिला."

दोघं एका ताटाशेजारी दुसरं ताट ठेवून जेवले. वड्यांवर ओतायच्या फोडणीच्या तेलासाठी भांडले, लोणच्यासाठी भांडले. आमची घड्याळं संध्याकाळपर्यंत त्या ताटातच पडून होती.

* * *

संक्रांत झाली. डोमाजी निघाले त्या दिवशी आम्ही सगळे दुर्ग स्टेशनवर गेलो. काकांनी स्वतः त्यांची ट्रंक सीटखाली सरकवली, डॉक्टरांची मनाई असताना. डोमाजी खिडकीशी बसले. काका प्लॅटफॉर्मवर, खिडकीच्या गजांना हात लावून. 

विलास, डोमाजींचा मुलगा, पाण्याच्या बाटल्या घेऊन आला. लहानपणापासून त्यानं या कुस्तीचा एकच किस्सा ऐकला होता, बापाकडून, खांदा लागला नव्हता हा. तो हसत म्हणाला, "काका, आता तर आम्ही चाललो. आता तरी खरं सांगा. ती कुस्ती नेमकी कोण जिंकलं होतं?"

डोमाजींनी खिडकीतून काकांकडे पाहिलं. सुनीलनं माझा हात दाबला. गार्डची शिट्टी झाली.

काका म्हणाले, "बरोबरीत सुटली रे. पंचाची सेकंड शिफ्ट होती."